मोठ्या माणसांना आलेली पत्रं

तत्त्वज्ञ वाचायचा तर मी हल्ली आधी त्याचा पत्रव्यवहार शोधते. ग्रंथ मागाहून. ग्रंथात प्रश्न तोच काढतो, आक्षेप घेणाराही तोच उभा करतो आणि चार पानांत त्याला गारद करून पुढे जातो. शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष घ्या किंवा सॉक्रेटिससमोर 'अगदी बरोबर' म्हणत माना डोलावणारे तरुण घ्या, प्रतिपक्षी बिचारा खोडून काढता येईल तेवढंच बोलतो. पत्र लिहिणारं माणूस इतकं आज्ञाधारक नसतं. त्याला ताप आलेला असतो, कुणीतरी त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते, घरात कोणाची दृष्टी गेलेली असते, आणि तशातच ते विचारतं: तुमचं पुस्तक वाचलं, आता याचं काय करू?

नीती, ज्ञान, 'मी कोण' आणि श्रद्धा हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पेपरांना असतात. टपालात ते एकाच पाकिटातून येतात.

१६४३ च्या मे महिन्यात हेगमधून रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला असंच एक पत्र गेलं. लिहिणारी चोवीस वर्षांची राजकन्या एलिझाबेथ. राजकन्या म्हणायची एवढंच. बाप बोहेमियाच्या गादीवर जेमतेम एक हिवाळा बसला, लढाई हरला आणि कुटुंब हॉलंडच्या आश्रयाला आलं. तिने देकार्तचं 'मेडिटेशन्स' वाचलं होतं. आत्मा विचार करतो पण जागा व्यापत नाही, शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही, ही त्यातली मांडणी. त्यावर तिचा प्रश्न सरळ होता. वस्तू हलते ती कशाने तरी ढकलल्यावर. ढकलायचं तर स्पर्श हवा, आणि स्पर्श करायचा तर अंग हवं. आत्म्याला अंगच नाही म्हणता, मग तो माझ्या शरीराला हलवतो कसा?

गासांदी नावाच्या विद्वानाने छापील आक्षेपांत असंच काहीसं विचारलं होतं, आणि देकार्तने त्याला झटकून टाकलं होतं. राजकन्येला झटकणं अवघड. त्याने वजनाचा दाखला दिला: दगड खाली येतो, तेव्हा त्याचं वजन त्याला हाताने ढकलत असतं असं आपण कुठे मानतो? एलिझाबेथने उलट टपाली कळवलं की वजनाची ती कल्पना चुकीची आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत, मग तिच्या आधाराने मला काय पटवता? अंग नसलेल्या आत्म्याकडे शरीर हलवायची शक्ती देण्यापेक्षा आत्म्यालाच अंग आहे असं मानणं मला सोपं जाईल. शिवाय घरच्या भानगडी आणि येणीजाणी यांतून विचाराला सवड मिळत नाही, हेही तिने त्याच पत्रात लिहिलं.

जूनअखेरच्या पत्रात देकार्तने जे उत्तर दिलं, ते मला त्याच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा जास्त आवडतं. आत्मा आणि शरीर यांची एकी बुद्धीने कळत नाही, म्हणाला; ती रोजच्या जगण्यातून, गप्पागोष्टींतून, चिंतन बाजूला ठेवल्यावर कळते. निव्वळ बुद्धीच्या चिंतनात मी स्वतः वर्षाचे मोजके तास घालवतो. आणि तुम्हाला आत्म्याला अंग द्यावंसं वाटत असेल तर खुशाल द्या. शरीर आणि मन यांच्यात भिंत घालणारा म्हणून ज्याच्या नावाने आजही बोटं मोडली जातात, त्याने एका चिकट वाचकापुढे त्या भिंतीला दार ठेवलं.

दोन वर्षांनी एलिझाबेथला बारीक ताप आणि कोरडा खोकला लागला. देकार्तचं निदान: दुःख. औषध: मनावर ताबा ठेवा, सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं सुखावरचं पुस्तक आपण दोघं मिळून वाचू. सेनेकाचं म्हणणं आणि त्यावर देकार्तची दुरुस्ती, दोन्हींचं सार असं की खरं सुख आपल्या बुद्धीच्या हातात आहे, नशिबाच्या नाही. ऐकायला किती छान! पण एलिझाबेथने लिहिलं की काही आजार विचार करायची शक्तीच काढून घेतात. मग त्या माणसाने बुद्धीच्या आधाराने मिळणारं सुख कसं मिळवायचं? ज्याने ताप अंगावर काढत पुस्तक वाचायचा प्रयत्न केलाय, त्याला या आक्षेपाचं वजन कळेल. 'सगळं मनावर आहे' म्हणणाऱ्यांना तेव्हाही हे विचारायला हवं होतं, आजही हवं. देकार्तने मान्य केलं की हो, असे आजार असतात. पुढे तिने भावनांची नीट व्याख्या करून मागितली, आणि त्यातूनच १६४९ मध्ये त्याचं भावनांवरचं शेवटचं पुस्तक आलं.

देकार्त गेल्यावर त्याची पत्रं छापायचं ठरलं. एलिझाबेथने आपली पत्रं द्यायला नकार दिला. ती छापली गेली १८७९ मध्ये. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं लोक नुसती उत्तरं वाचत होते.

विचारणारीला गप्प बसवायची गोष्ट आपल्याला अर्थात माहीत आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी विचारत सुटते, हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय, आणि ब्रह्मलोकापर्यंत पोचल्यावर याज्ञवल्क्य बजावतो की आता पुरे, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण पुढे दुसऱ्या एकाचा प्रश्न झाल्यावर ती पुन्हा उठते आणि म्हणते, धनुर्धराने दोन बाण घेऊन यावं तशी मी दोन प्रश्न घेऊन आले आहे, दे उत्तर. आणि या वेळी त्याला द्यावं लागतं.

विल्यम मॉलिन्यूचं दुःख त्याच्या पत्रात नाही, ते आपल्याला बाहेरून कळतं. डब्लिनचा हा गृहस्थ, प्रकाशशास्त्रात गढलेला. लग्नानंतर थोड्याच काळात त्याच्या बायकोची, ल्यूसीची, दृष्टी गेली. १६८८ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या आगामी ग्रंथाचा सारांश एका नियतकालिकात वाचून त्याने प्रश्न पाठवला. जन्मांध माणूस आहे. हाताने चाचपून घन आणि गोल ओळखायला शिकलाय. त्याला एकदम दिसायला लागलं आणि दोन्ही वस्तू समोर टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता घन कुठला आणि गोल कुठला हे त्याला सांगता येईल का?

लॉकने उत्तर दिलं नाही. १६९३ मध्ये मॉलिन्यूने तेच पुन्हा विचारलं. तोवर ल्यूसी वारली होती. या वेळी मात्र लॉकने तो प्रश्न उचलला आणि ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. दोघांचंही उत्तर 'नाही' असंच होतं. ज्ञान अनुभवातून येतं असं मानायचं, तर हाताचा अनुभव आयता डोळ्यांच्या खात्यावर कसा जमा होईल?

१७२८ मध्ये विल्यम चेसेल्डन या शल्यवैद्याने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मोतीबिंदूची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला सुरुवातीला दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटलीय असं वाटे. मांजर कुठलं आणि कुत्रा कुठला हे त्याला सांगितलं तरी विसरायला व्हायचं, आणि सारखं विचारायची लाज वाटायची. एकदा त्याने मांजराला पकडलं, ज्याची ओळख त्याच्या हातांना होती, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि खाली सोडताना म्हणाला, आता पुढच्या वेळी मी तुला ओळखीन. ज्ञानमीमांसेचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला आणि हा पोरगा एका बाजूला. हातातलं ज्ञान डोळ्यांत नेऊन ठेवायचं काम तो स्वतः करत होता, आणि आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शास्त्रशुद्ध उत्तराला २०११ साल उजाडावं लागलं. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात भारतातल्या जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यांतल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना चाचणी दिली गेली. आधी हाताळलेली वस्तू नजरेने ओळखताना त्यांची उत्तरं अंदाजपंचे द्यावीत तितपतच बरोबर आली. मॉलिन्यू आणि लॉक जिंकले म्हणायचे. पण काही दिवसांतच त्यांना ती ओळख जमायला लागली, आणि हे त्या दोघांच्याही पत्रांत कुठे नव्हतं.

मॉलिन्यूने लॉककडून आणखी एक गोष्ट करवून घेतली, आणि ती याहून मोठी आहे. माणूस तोच राहतो म्हणजे काय राहतं, यावर काहीतरी लिहा असं त्याने सुचवलं, आणि त्या सूचनेतून दुसऱ्या आवृत्तीत ते प्रसिद्ध प्रकरण आलं. राजपुत्राचं मन, आठवणींसकट, चांभाराच्या शरीरात गेलं तर तो कोण? लॉक म्हणतो, राजपुत्रच. कारण आपण तेच असण्याचा धागा आठवणारी जाणीव आहे, देह नाही. तसं पाहिलं तर मिलिंद या ग्रीक राजाने नागसेन या बौद्ध भिक्खूला याच वाटेवर गाठलं होतं. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असं नागसेनाने उलट विचारलं, आणि राजाला एकच म्हणता येईना, वेगळीही म्हणता येईना. लॉकला मात्र निकाल हवा होता, कारण त्याच्या डोक्यात कोर्टकचेरी होती: ज्याने गुन्हा केला तोच हा माणूस का?

आणि तिथेच मॉलिन्यूने त्याला पकडलं. दारूच्या नशेत केलेलं आठवत नसेल, तर तुमच्या हिशेबाने तो माणूस वेगळा झाला. मग शिक्षा कोणाला? लॉकचं लिहिणं असं की न्यायालयाला खरं विसरणं आणि सोंग यांत फरक करता येत नाही म्हणून ते शिक्षा देतं. मॉलिन्यूला हे लंगडं वाटलं. झोपेत चालणाऱ्याची गोष्ट निराळी, त्याने झोप मागून घेतलेली नसते. दारू पिणाऱ्याने पेला स्वतः उचलला होता. एका अपराधाने दुसऱ्या अपराधाची सुटका कशी होईल? पुढच्या पत्रात लॉकने हे बऱ्याच अंशी कबूल केलं. 'मी कोण' हा प्रश्न दारूच्या पेल्यापाशी आला की लगेच नीतीचा होतो. शुद्ध ओळख, जबाबदारी वगळलेली, मला अजून कुठल्याही तत्त्वज्ञाकडे सापडलेली नाही.

सहा वर्षं पत्रं लिहिल्यावर हे दोघं १६९८ मध्ये इंग्लंडात एकदाच भेटले. घरी परतल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मॉलिन्यू वारला.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या टपालाबद्दल लिहिताना माझा सूर बदलतो, बदलणारच. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून मारिया फॉन हर्बर्ट या विशीतल्या मुलीने त्याला लिहिलं. भक्ताने देवाला हाक मारावी तशी मी तुम्हाला हाक मारते आहे, अशी सुरुवात. तिचं एकावर प्रेम होतं. आधीचं एक प्रेमप्रकरण तिने त्याच्यापासून लपवलं, मग न राहवून सांगितलं. त्याची वागणूक सभ्य राहिली, पण प्रेम आटलं. कांटचं नीतिशास्त्र तिने वाचलेलं होतं. जीव द्यावा तर तुमचा नियम आड येतो, जगावं तर तो नियम काही हाती देत नाही. तुमच्या सगळ्या ग्रंथांत मला लागेल असं काही नाही, उत्तर द्या. एवढं ते पत्र.

कांटने उत्तर लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत अंतर आहे, असं त्याने नीट उलगडून दाखवलं. पश्चात्ताप कशाचा होतोय ते तपासा, म्हणाला: खोटेपणाचा, की सांगून टाकल्याने नुकसान झालं त्याचा? हा प्रश्न चोख आहे. पण पुढे तो सांगतो की त्या मित्राचं प्रेम नैतिक असेल तर परत येईल, नसेल तर ते तसंही ओसरलंच असतं. आणि माणसांकडून मिळणाऱ्या सुखावर आयुष्याची जी किंमत आपण ठरवतो, ती सहसा जास्त धरली जाते. ज्याच्या घरी रोज दुपारी पाहुण्यांशिवाय पंगत बसत नसे, त्याने हे लिहावं!

१७९३ च्या जानेवारीत तिचं दुसरं पत्र आलं. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते. मित्र पुन्हा जवळ आलाय, पण आता मलाच काही वाटत नाही, असं ती लिहिते. कशाची ओढ नाही, म्हणून मोहही नाही. मोह नाही म्हणून तुमचा नैतिक नियम पाळायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. तुमचं बाउझेने कोरलेलं चित्र माझ्याकडे आहे, त्यात शांतपणा दिसतो, पण ग्रंथातली ती कुशाग्रता दिसत नाही. तुमच्या तोंडाकडे प्रत्यक्ष बघता येत नाही याची हुरहूर वाटते. आणि मग थेट विचारते की तुम्ही जगता कसे ते मला कळवा. लग्न करावं, कुणाला तरी पूर्ण जीव लावावा असं तुम्हाला कधीच वाटलं नाही का?

कांटच्या १७८५ च्या पुस्तकात एक दाखला आहे. एक माणूस, दुःखाने मन इतकं बधिर झालेलं की कोणाबद्दल कळवळा उरलेला नाही. तरीही केवळ कर्तव्य म्हणून तो दुसऱ्याला मदत करतो. कांटच्या मते आता कुठे त्याच्या वागण्याला खरं नैतिक मोल आलं. तो दाखला पुस्तकातून उठून, शाईने हात भरवून, त्याला पत्र लिहायला बसला होता. ओढ संपली, नियम उरला, आणि ती विचारते आहे की एवढ्यावर कसं जगायचं.

त्याने उत्तर दिलं नाही. ती पत्रं त्याने आपल्या व्यापारी मित्राच्या मुलीकडे, एलिझाबेथ मदरबीकडे, पाठवून दिली. कल्पनेच्या भरात मुली कशा वाहवत जातात याचा नमुना म्हणून. तुमच्यावर चांगले संस्कार झालेत तेव्हा तुम्हाला ही भीती नाही, असं वर. मारियाने १८०३ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. त्या दहा वर्षांत काय घडलं ते एका अनुत्तरित पत्राच्या माथी मारता येणार नाही, आणि मी मारतही नाही. पण माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे वाक्य कांटचं आहे, आणि एका मुलीचं दुःख दुसरीच्या शिकवणीसाठी वापरणाराही कांटच.

तरीसुद्धा त्याचं नीतिशास्त्र मी फेकून देत नाही, याचं कारणही त्याच पत्रांत आहे. त्या मदरबी-प्रकरणात चूक नेमकी कुठे झाली हे दाखवायला आपल्याला कांटचेच शब्द लागतात. चार वर्षांनी, १७९७ मध्ये, मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्याशीही खोटं बोलू नये असं त्याने छापून टाकलं, तेव्हा मात्र मला त्याच्या शेजारी उभं राहवत नाही.

श्रद्धेचं टपाल तर अजबच. फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कालने २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान काहीतरी अनुभवलं आणि ते कागदावर उतरवलं: अग्नी, अब्राहमचा, इसहाकचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. हा कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराला तो सापडला. देव आहे की नाही यावर पैज लावून दाखवणारा, आकडेमोडीत तरबेज माणूस, आणि स्वतःसाठी जवळ बाळगलेल्या कागदावर पैजेचं नावही नाही. त्याला कुणाला पटवायचंच नव्हतं.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमकडे पत्र आलं नाही, माणूसच आला. ७ जुलै १७७६, रविवार. चर्चला जायला उशीर झाला म्हणून लेखक जेम्स बॉसवेल ह्यूमकडे गेला, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. चमत्कारांवर विश्वास का ठेवू नये हे सांगणारा, 'मी' म्हणजे संवेदनांचं गाठोडं म्हणणारा हा माणूस एडिंबरात आजारपणाने पार वाळून गेला होता. करडा सूट, पांढऱ्या धातूची बटणं, समोर वक्तृत्वशास्त्रावरचं पुस्तक. बॉसवेलला एकच हवं होतं: मरताना तरी हा डगमगतो का. मरणानंतर काही असणं शक्य नाही का, त्याने विचारलं. शक्य आहे, ह्यूम म्हणाला, विस्तवावर टाकलेला कोळसा न जळणंही शक्य आहे. आपण उरणारच नाही या विचाराने अस्वस्थ व्हायला होत नाही? मुळीच नाही, जन्मापूर्वी मी नव्हतो, त्याने कुठे अस्वस्थ व्हायला होतं.

ह्यूम २५ ऑगस्टला गेला. त्याचा मित्र, अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने त्याच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन पत्ररूपाने छापलं, त्यात तो किती हसतखेळत गेला ते लिहिलं, आणि त्या एवढ्याशा पत्राबद्दल ब्रिटनच्या सगळ्या व्यापारव्यवस्थेवर केलेल्या जळजळीत टीकेपेक्षा दहापट शिव्या खाल्ल्या, असं त्यानेच पुढे म्हटलंय. नास्तिकाने नास्तिक असावं, याची लोकांना इतकी चीड नव्हती. तो शांतपणे मेला हे सहन होत नव्हतं. शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सनने तर सांगून टाकलं की ह्यूम खोटं बोलत होता.

बॉसवेलला मात्र तेही म्हणता येईना, कारण तो समोर बसून आला होता. त्याला ती भेट पुढे बरेच दिवस छळत राहिली. १७८४ च्या जानेवारीत त्याला स्वप्न पडलं की ह्यूमची खाजगी रोजनिशी सापडली आहे, आणि तीत लिहिलंय की ग्रंथ निव्वळ मोठेपणासाठी लिहिले, मनातून मी श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. जागा झाल्यावरही काही वेळ ती रोजनिशी खरोखर अस्तित्वात नाही, हे त्याला स्वतःला पटवता येईना.